टोन शून्यावर

फ्लिंट, मिशिगन. मार्च. दुकानापुढे बर्फाचा राडा.
लायोनेल प्रुइटने पेटी काउंटरवर ठेवली
आणि हात खिशात घातले,
जणू ती कुणीतरी त्याच्याकडे विसरून गेलं होतं.
“वडिलांचा बास. शिकागोचा एक जण घेतोय.
आत सगळं मूळचं असेल तर दुप्पट देईन म्हणतो.”

सगळं मूळचं कुणाच्याच आत नसतं.
हे मी बोलले नाही. स्क्रू काढायला घेतले.

एकावर एक बसवलेली बटणं, प्रत्येक पिकपला एक जोडी:
वरचं आवाजाचं, खालची कडी टोनची.
पॉटच्या पाठीवर शिक्का, एकसष्ट साल, तेविसावा आठवडा.
तारांवरचं सुती कापड अजून मऊ.
मीटर लावला: सात पूर्णांक दोन. दुसऱ्याला सात पूर्णांक चार.
केसाहून बारीक तांब्याचे हजारो वेढे, एकही तुटलेला नाही.
हे दोन पिकप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात,
दोन्ही सारखे उघडले की मधली घुंघुं मिटते.
मी आणि स्टॅनिस्लाव, आम्हीही उलटेच होतो.
आमची घुंघुं मिटली नाही.

असो. दोन्ही कपॅसिटर गायब होते.

लोकांना वाटतं टोनचं बटण खर्ज वाढवतं.
ते काहीच वाढवत नाही.
टिपेच्या सुरांना खाली जायला एक वाट उघडून देतं,
कपॅसिटरमधून, थेट जमिनीत.
मागे जे उरतं त्याला आपण खर्ज म्हणतो.

इथे ती वाट तोडली होती. दोनदा.
ब्रिजकडची आधी: पाय नीट छाटलेले,
डाख चकचकीत, घाई नसलेल्या माणसाचा.
मग मानेकडची: हिसकून उपटलेली,
कथलाचा ओघळ पॉटवर थिजलेला, शेजारचं कापड करपलेलं.
मध्ये किती वर्षं गेली, हे डाख सांगत नाही.

“वडील काय करायचे?”
“प्रेस शॉप. मोटारींची दारं. सत्तावीस वर्षं.
रविवारी चर्चमध्ये हा बास.”
मग माझ्याकडे नाही, तापलेल्या इस्त्रीच्या टोकाकडे बघत:
“तेरा वर्षांचा होतो. कॉयरसमोर म्हणालो त्यांना,
तुमचा बास टोचतो.
मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही.
पुढच्या रविवारी ते मागच्या बाकावर होते,
हात मांडीवर.”

पेटीच्या कप्प्यात एक तार, एक बिल्ला,
कानात घालायच्या बोळ्यांची कारखान्याची पुडी, न फोडलेली,
आणि च्युइंगमच्या चांदीत गुंडाळलेल्या
दोन तपकिरी चकत्या.

चिमट्यात धरून दोन्ही जागच्या जागी बसवल्या.
राळेचा धूर वर गेला, माझ्या चष्म्यावर बसला.
अँप्लिफायर लावला. लायोनेलने सगळं पूर्ण उघडून
एक तार छेडली. पत्र्यावर खिळा पडावा तसा सूर.
तो दचकला. “हे ऐकायचे ते?”
“हे तुम्ही ऐकत होतात,” मी म्हटलं,
आणि खालच्या दोन्ही कड्या शून्यावर नेल्या.
“ते हे ऐकायचे.”

तोच सूर, भिंतीपलीकडच्या खोलीतून.
त्याने पुन्हा छेडला. पुन्हा.
मग एका भजनाची खालची अर्धी बाजू,
तिसऱ्या मात्रेवर दर वेळी चुकत,
कड्यांना हात न लावता.
शेजारच्या न्हाव्याने दोनदा भिंत ठोकली.

मी बिल लिहिलं: दोन सांधे, एक तास,
कपॅसिटर गिऱ्हाइकाचे.
शिकागोला काय कळवायचं, विचारलं.
त्याची पाठ माझ्याकडे होती.
मी पुन्हा विचारलं नाही.